पुलावरच्या पहारेकऱ्याचा दुसरा पाय

त्या घरात आधी चित्र व्हायचं आणि मग गोष्ट. जगात सगळीकडे याच्या उलट असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण सुरुवातच तशी झाली आणि मग तीच रीत पडून गेली. ताई मोठ्या कागदावर अख्खं पान काढायची. काय काढायचं ते कुणाला विचारायची नाही. चित्र वाळलं की धाकट्या भावापुढे सरकवायची आणि मटार सोलायला बसायची. भाऊ चित्राकडे बघत राहायचा, कधी तासभर, कधी आठवडाभर, आणि बघता बघता त्याला त्यात गोष्ट दिसायची. मध्येच न राहवून त्यानं विचारलं, "ताई, हा कोण गं?", तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"मला काय ठाऊक? तू लेखक."

भावाला ती ढाण्या म्हणायची. लहानपणी तो मांजराला भिऊन कपाटात जाऊन बसला होता, तेव्हाचं हे नाव. आता साठी उलटून गेली होती, पाणीपुरवठा कचेरीतली नोकरी संपली होती, डोक्यावरचे केस गेले होते. नाव तेवढं टिकलं होतं. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. घड्याळजीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघं राहात. एका खोलीत ताईचा चित्रांचा फळा आणि मेणकापड घातलेलं टेबल, दुसऱ्या खोलीत ढाण्याची खाट आणि पुस्तकं.

अशा रीतीनं त्यांनी मुलांसाठी 'तळ्याखालचा देश' या मालिकेचे आठ भाग केले. एक बहीण आणि एक भाऊ तळ्यात पडतात, बुडायच्या ऐवजी तळाच्याही खाली असलेल्या एका देशात पोचतात आणि वर यायची वाट शोधत हिंडतात. वाट दाखवायला एक म्हातारं कासव असतं आणि ते दर वेळी मोठ्या आत्मविश्वासानं चुकीची वाट दाखवतं. आठव्या भागात मुलं घरी पोचली. दोघांना वाटलं, संपलं.

वाचणाऱ्या मुलांना तसं वाटलं नाही. पण त्यांनी बहीण-भावाबद्दल काही विचारलं नाही, कासवाबद्दलही नाही. टोप्या वाळत घालणारी ती बाई कोण? धुकं तराजूत तोलणारा माणूस ते धुकं कुणाला देतो? ही सगळी चित्रांच्या कोपऱ्यातली माणसं. कागदावर जागा रिकामी राहिली की ताईला करमायचं नाही, म्हणून ती कडेकडेनं कुणाला तरी उभं करून ठेवायची. ढाण्यानं त्यांच्याबद्दल आजवर एक ओळही लिहिली नव्हती. मधलंच निभावताना त्याच्या नाकी नऊ येत.

प्रकाशकबाई हुशार होत्या. त्यांनी ठरवलं की मालिकेला एक जोडपुस्तक काढायचं: सात गोष्टी, प्रत्येक गोष्ट कडेच्या एका माणसाची. रीत तीच राहणार. ताईनं त्या माणसाचं मोठं चित्र काढायचं आणि मग ढाण्यानं लिहायचं. सहा झाली. सातवा राहिला, तो तिसऱ्या भागातला पुलावरचा पहारेकरी.

आणि नेमकं सहावं चित्र संपता संपता ताईच्या उजव्या डोळ्याच्या मधोमध एक करडा डाग येऊन बसला.

डावा डोळा वर्षापूर्वीच अधू झाला होता. त्याचं तिनं फारसं मनावर घेतलं नव्हतं; एक आहे ना, मग झालं, असं म्हणून ती गप्प बसली होती. आता मात्र ती एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली. बाजारात जाते, असं घरी सांगितलं आणि खोटं ठरू नये म्हणून येताना मटार आणले.

"मधली नजर गेली आहे," डॉक्टर म्हणाले. "कडेची राहील."

"म्हणजे काय?"

"म्हणजे समोर बसलेला माणूस दिसणार नाही, पण त्याच्या मागचा दरवाजा दिसेल."

"दरवाज्याशी मला काय बोलायचंय?" ताई म्हणाली.

डॉक्टर हसले. बहुधा हसले, तोंड दिसत नव्हतं.

घरी येऊन तिनं कुणाला काही सांगितलं नाही. घाबरली होती असं नाही, तिनं फक्त हिशेब केला होता. ढाण्याला कळलं तर तो लिहिणं सोडेल. प्रकाशकबाईंना कळलं तर त्या सातवं चित्र दुसऱ्या कुणाला तरी देतील, आणि त्यात त्यांची चूकही नसेल. मालिकेतलं प्रत्येक पान तिच्या हातचं होतं. शेवटचं एक पान परक्या हाताचं, ही कल्पना तिला घशात अडकलेल्या काट्यासारखी वाटत होती. तिला एवढंच हवं होतं: पहारेकरी होईपर्यंत कुणाला कळू नये.

घरात निभावून नेणं सोपं होतं. घर हाताच्या सवयीचं होतं. चहा ओतताना ती कपाच्या काठावर बोट ठेवायची. मटार तर डोळे मिटूनही सोलता येतात. वर्तमानपत्र आलं की म्हणायची, "तूच वाच रे मोठ्यानं, तुझा घसा बसलाय, मोकळा होईल." ढाण्या भाबडेपणानं वाचायचा आणि चार दिवसांनी म्हणायचा, खरंच मोकळा झाला की.

अवघड होता तो फळा. त्यावर कोरा कागद लावून तिनं वरून चादर टाकली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"ताई, पहारेकरी आला का?" ढाण्या रोज विचारायचा.

"येतोय."

"कुठवर आलाय?"

"पुलापर्यंत."

एका सकाळी ढाण्या दाढीला गेलेला असताना तिनं प्रयत्न केला. चेहरा काढायला घेतला, तर जिथं बघावं तिथं डाग. नजर जरा बाजूला वळवली की चेहरा दिसायचा, पण मग हात दिसायचा नाही. संपल्यावर तिनं मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तसं कागदाकडे बघितलं. एक डोळा चेहऱ्याबाहेर, कानाशेजारी उभा होता. तिनं कागद फाडला आणि मटारच्या सालींखाली घालून टाकला.

त्या दिवशी दुपारी तिनं वेगळी खेळी केली.

"ढाण्या, या वेळी तू आधी लिही."

ढाण्याच्या हातातली बशी टेबलावर आली, जरा जोरातच. "चित्राशिवाय?"

"हो. मग मी त्यावरून काढते."

"ताई, तुला ताप आलाय का?"

"लोक लिहितात की. जगातले सगळे लेखक काय बहिणीची चित्रं बघून लिहितात?"

"लोक पोहतातसुद्धा," ढाण्या म्हणाला. "मला येत नाही. मला आधी दिसावं लागतं."

"मग तिसरा भाग काढ. त्यात आहे ना तो पुलावर? बघ आणि लिही. बाई शुक्रवारी येणार आहेत."

ढाण्या आत गेला. तो दोन दिवस आतच होता. फक्त जेवायला बाहेर यायचा आणि तेव्हाही ताटात काय आहे ते बघायचा नाही. खालून घड्याळजीच्या दुकानातल्या सगळ्या घड्याळांचे ठोके एकापाठोपाठ पडत. एकाही घड्याळाचं दुसऱ्याशी पटत नसे. ताई ऐकत मटार सोलत बसायची. चादर फळ्यावर तशीच होती.

गुरुवारी सकाळी तो एक कागद घेऊन आला. खुर्चीवर बसला, उठला, परत बसला.

"वाईट झालंय," तो म्हणाला. ही त्याची वाचायला लागण्याची पद्धत होती.

"वाच."

"'तळ्याखालच्या देशात एक पूल होता. पुलावर एक पहारेकरी होता. त्याला एकच पाय होता...'"

"कुणाला?" ताईचा हात मटारच्या शेंगेवर थांबला.

"पहारेकऱ्याला."

"एक पाय? ढाण्या, त्याला दोन पाय आहेत. मी काढलाय त्याला."

"तूच काढलायस, एका पायाचा."

"अरे, माझा माणूस मला ठाऊक नाही? चांगले दोन पाय आहेत त्याचे. फाकवून उभा आहे."

"ताई, मी दोन दिवस त्याच्याकडेच बघतोय. एक पाय आहे. लंगडा आहे बिचारा."

"लंगडी तुझी अक्कल!"

"वासरांत लंगडी गाय शहाणी," ढाण्या पुटपुटला. आयुष्यात तो तिला फार कमी वेळा उलटून बोलला होता. पण ही गोष्ट त्यानं एकट्यानं लिहिली होती आणि त्याला वाटत होतं, एवढा एक पाय तरी आपला असावा.

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. ताईनं पहारेकऱ्याला पानाच्या अगदी उजव्या कडेला काढला होता, दोन्ही पायांवर. पण पुस्तक बांधताना कापणीच्या यंत्राचं पातं बोटभर आत आलं आणि एक पाय कातरणात गेला. ती मूळ चित्रं छापखान्यात गेली ती गेलीच. ती ढाण्यानं तेव्हा पाहिली होती, पण तेव्हा त्याचं लक्ष कासवाकडे होतं. आणि ताई छापून आलेलं पुस्तक कधी उघडायचीच नाही. जेवून झाल्यावर ताटाकडे कोण बघतं, असं म्हणायची. त्यामुळे इतक्या वर्षांत पहारेकऱ्याचा पाय गेल्याचं त्याला जन्म देणाऱ्या ताईलाच कळलं नव्हतं.

ढाण्या उठला, आतून तिसरा भाग घेऊन आला आणि ते पान उघडून तिच्यापुढे टेबलावर ठेवलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? हे बघ. मोज."

अजूनही वेळ होता. चष्मा सापडत नाही म्हणता आलं असतं, दूध उतू जातंय म्हणता आलं असतं. पण ताईला राग आला होता. शिवाय त्या पानावर कुठं काय आहे ते तिला पाठ होतं. तिनं पुस्तकाच्या कडेवरून हात फिरवून अंदाज घेतला आणि बोट ठेवलं.

"हा एक." बोट जरा उजवीकडे गेलं. "आणि हा दोन."

ढाण्या तिच्या बोटाकडे बघत राहिला.

"झालं समाधान?" ताईनं विचारलं.

खाली घड्याळं वाजायला लागली. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. ती थांबल्यावर ढाण्या हळूच म्हणाला, "ताई, तुझं बोट पुस्तकावर नाही. टेबलावर आहे."

ताईनं बोट चाचपडलं. खाली कागद नव्हता, मेणकापड होतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"सहाव्या चित्रापासून."

"धुकं तोलणारा?"

"त्याच्या मिशीपासून. उजवी मिशी अंदाजानं काढलीय."

"मला ती डाव्या मिशीपेक्षा जास्त आवडली होती," ढाण्या म्हणाला. मग थोड्या वेळानं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? कपाटात जाऊन बसला असतास."

ढाण्या उठला आणि आतल्या खोलीत गेला. दार लागल्याचा आवाज आला. ताई मनाशी म्हणाली, गेला कपाटात.

ती बराच वेळ तशीच बसून राहिली. पुस्तक समोर उघडं होतं. मधलं काही दिसत नव्हतं, कडेचं मेणकापड आणि त्यावरची फिकट फुलं तेवढी दिसत होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. उद्या बाई येतील. त्यांना सांगून टाकायचं, सातवी गोष्ट नको, सहांचंच पुस्तक करा. किंवा संगणकावर काढणाऱ्या कुणा मुलीला द्या. तिचे डोळे चांगले असतील. तिनं उरलेले मटार सोलले. भांडं भरलं, तरी ढाण्या बाहेर आला नाही. जेवायलाही आला नाही.

शुक्रवारी सकाळी ती चहा ओतत असताना तो आला. हातात चार-पाच कागद होते.

"काल जिथं बोट ठेवलं होतंस ना," तो म्हणाला, "तिथंच परत ठेव."

"कशाला?"

"ठेव तर."

ताईनं ठेवलं. पुस्तक उघडंच होतं, काल ठेवलेलं.

"वाईट झालंय," ढाण्या म्हणाला आणि वाचू लागला.

तळ्याखालच्या देशात एक पूल होता आणि पुलाच्या बरोबर मधून दोन राज्यांची सीमा जात होती. सीमेवर कायम धुकं. दोन्ही राजांनी फर्मान काढलं की पहारेकऱ्यानं आपल्याच राज्यात उभं राहायचं. पहारेकरी स्वभावानं गरीब, त्याला कुणाचं मन मोडवेना. त्यानं एक पाय इकडे ठेवला आणि एक तिकडे. इकडच्या लोकांना त्याचा एकच पाय दिसे, तिकडच्यांनाही एकच. इकडच्यांनी कळवळून त्याला कुबडी करून दिली. तिकडच्यांनीही दिली. तो दोघांचेही आभार मानी. एका राज्यात पाऊस पडला की त्याचा एक पाय भिजे आणि दुसरा धुळीनं माखे. त्याला बसायची सोय तेवढी नव्हती. कारण बसायचं म्हटलं तर कुठल्या राज्यात बसणार? मग एके दिवशी एक बहीण, एक भाऊ आणि एक कासव वाट चुकून तिथं आले. त्यांना अडवायचं तर एक पाय उचलावा लागला असता. तो तसाच उभा राहिला. ती तिघं त्याच्या दोन पायांमधून पलीकडे निघून गेली, आणि म्हणूनच सीमा कधी आली आणि कधी गेली हे त्यांना कळलं नाही.

ताईला तिसरा भाग आठवला. मुलं पलीकडच्या राज्यात पोचतात, पण त्यांना कुणी अडवलं कसं नाही, हे तिथं सांगितलेलंच नव्हतं. पहारेकऱ्यानं का अडवलं नाही, हे वाचणाऱ्या मुलांनी विचारलं होतं.

गोष्ट संपली. ढाण्या कागद सरळ करत बसला.

"हे तुला कुठं दिसलं?" ताईनं विचारलं.

"कुठंच नाही. म्हणजे तुझ्या बोटाखाली. टेबलावर."

ताईनं बोट तिथंच ठेवलं. मग म्हणाली, "त्या दुसऱ्या पायात जोडा आहे का अनवाणी आहे?"

ढाण्याला इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी दिसली.

"मला काय ठाऊक? तू चित्रकार."

फळ्यावरची चादर ताईनं ओढून टाकली. फळा लहान पडेल म्हणून कपाटाच्या दारावरच मोठा कागद लावायला सांगितला. बारीक कुंचले तिनं बाजूला सारले आणि भिंत रंगवायचा जाड ब्रश मागितला. कागदाकडे ती सरळ बघत नव्हती. खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि कागद तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. डाव्या कडेपासून तिनं काळा रंग आत ओढला. खांद्यापासून हात फिरत होता. मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. पाय अनवाणी होता. बोटं फाकलेली होती, दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाची असतात तशी.

"अंगठा कडेला लागलाय," ढाण्या म्हणाला.

"लागू दे."

प्रकाशकबाई आल्या तेव्हा रंग ओला होता. या बाई फ्रॉक घालून वडिलांचं बोट धरून या घरात यायच्या, तेव्हापासून ताई त्यांना अगं-तुगं करायची. बाई कपाटासमोर उभ्या राहिल्या. बांगड्यांचा आवाज थांबला.

"ताई, हा नुसता पाय आहे."

"हो."

"आणि माणूस?"

"तो तिसऱ्या भागात आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं, लांब जाऊन पाहिलं. "ही तुमची रेघ नाही."

"माझीच आहे. डोळे माझे नाहीत." आणि ताईनं दोन वाक्यांत सांगून टाकलं.

ढाण्यानं त्यांना गोष्ट वाचायला दिली. स्वतः तो दाराशी जाऊन उभा राहिला, तिथून निसटायला बरं. बाईंनी उभ्या उभ्या वाचली. वाचून झाल्यावर त्या पुन्हा पायाकडे वळल्या.

"उजव्या पानावर तिसऱ्या भागातलं जुनं चित्र घालू," त्या म्हणाल्या. "एक पाय. पान उलटलं की हा. मधे काही नको."

"म्हणजे घेणार?" ढाण्यानं दारातून विचारलं.

"घेतेय. पण ताई, तुम्हाला खोटं सांगत नाही. पुढच्या मालिकेसाठी मला दुसरं कुणी बघावं लागेल. अख्खी मालिका अशी नाही होणार."

"नाहीच होणार," ताई म्हणाली. "बघ कुणी तरी. चहा घे, गार होतोय."

बाईंनी चहा घेतला. जाताना ढाण्याला म्हणाल्या, "आणि सर, तुम्ही? नवी चित्रकार आधी चित्र काढून द्यायची नाही. तिला आधी गोष्ट लागेल."

ढाण्या म्हणाला की बघतो. तो नेहमी बघतोच म्हणायचा, त्यामुळे बाईंना त्यातून काही कळलं नाही.

पुस्तक छापून आलं तेव्हा ताईनं आयुष्यात पहिल्यांदा छापलेली प्रत मागून घेतली. शेवटची गोष्ट उघडायला लावली आणि पानाच्या कडेवरून, वरून खालपर्यंत, बोट फिरवलं.

"खरं सांग. या वेळी कापणीत काही गेलं का?"

ढाण्यानं पान उजेडात धरलं. "थोडंसं."

"काय?"

"अंगठा."

"सगळा?"

"नखाजवळून. अर्धा असेल."

ताईनं पुस्तक मिटून त्याच्याकडे सरकवलं आणि मटारचं भांडं पुढे ओढलं.

"मग बस," ती म्हणाली, "आणि तो कुठं गेला ते सांग."

ढाण्या बसला. समोर चित्र नव्हतं, नुसतं मेणकापड होतं. त्यानं थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं.

"वाईट होईल," तो म्हणाला, आणि सांगू लागला.